रुसक्या दाजींच्या घरचं लग्न

एक वेळ सोडली तर आमचे हे जन्मात कधी रुसले नाहीत. आधीच सांगून ठेवते, कारण ते चित्र तुमच्याही मोबाईलवर आलेलं असणार. खालचा ओठ बाहेर, टोपी डोळ्यांवर ओढलेली, मान वळवलेली, आणि खाली लिहिलेलं, ‘आमी जेवनार न्हाई!’ मित्रांनी कुणाला पार्टीला बोलावलं नाही की तो हे चित्र पाठवतो. ते आमचे हे, गोरक्षनाथ. राहुरीजवळ आमची पिठाची गिरणी आहे. माणूस इतका गरीब, की भाजीत मीठ पडलं नसलं तरी ‘झ्याक झालीय’ म्हणून दुसऱ्यांदा वाढून घेतात. मला तर कधीकधी वाटतं, अहो, एकदा तरी चिडा! रोज मी एकटीनंच किती चिडायचं?

तर या वैशाखात आमच्या कल्याणीचं लग्न झालं. लग्न ठरलं तेव्हा यांनी ना बँड मागितला, ना घोडा. एकच गोष्ट मागितली. म्हणाले, “सत्यशीला, त्या मालिकेचं नाव मांडवात निघाया नको. एक दिवस लोकांनी माझ्याकडं बघून हसू नये. एक दिवस मला पोरीचा बाप हुऊ द्या.”

आता ही मालिका काय भानगड होती, ते सांगते.

आपल्याकडे आखाडात एकादशी झाली की लग्नं बंद. ती थेट तुळशीचं लग्न लागल्यावर सुरू. बाकीच्यांना त्याचं काही नसतं, पण लग्नाचं शूटिंग करणाऱ्याला विचारा! राहुरीचे परवेझभाई शूटिंगवाले त्या चार महिन्यांत नुसते येरझाऱ्या घालायचे. “भाभी, चार म्हैने कॅमेरा कपाटात. एक तर त्याला बुरशी लागंल, न्हाईतर मला,” म्हणायचे. कल्याणी तेव्हा अंगणवाडीत होती. त्या वर्षी त्यांच्या डोक्यात आलं, की या रिकाम्या महिन्यांत केबलवर विनोदी मालिका काढायची. छोटे छोटे प्रवेश, दर रविवारी. नाव ठेवलं ‘हसा उगंच’. त्यात एक रुसणारा दाजी पाहिजे होता. दाजी म्हणजे बहिणीचा नवरा. आपल्याकडे तो रुसला नाही तर लग्न झाल्यासारखंच वाटत नाही!

दाजी काही मिळेना. दोन-तीन जणांनी करून दाखवलं, पण ते रुसले की दात दुखल्यासारखे दिसायचे. अशात परवेझभाई आईची बाजरी घेऊन आमच्या गिरणीवर आले. तेव्हा भारनियमन होतं. निम्मं दळण झालं आणि लाईट गेली. बायकांची रांग लागलेली, सगळ्या यांच्यावरच ओरडतायत, जसं काही यांनीच तारा तोडल्या! यांनी भिंतीवरच्या मीटरकडे पाठ केली, खालचा ओठ बाहेर आला आणि डब्यावर बसून राहिले. भुवयांवर पीठ, मिशांवर पीठ. परवेझभाईंनी बाजरी खाली टेकवली, दोन्ही हातांच्या बोटांची चौकट केली आणि ओरडले, “गोरखभाऊ, हालू नका! घावला, दाजी घावला!”

यांना नाही म्हणता येत नाही. त्या स्वभावापायी तर आमची गिरणी अर्ध्या गावाला उधार दळते. गेले.

काय ती मालिका, काय सांगू तुम्हाला! दर प्रवेशात दाजी रुसायचे. लग्नात टोपी लहान आली म्हणून रुसायचे, जावळात पेढा फुटका मिळाला म्हणून रुसायचे, एसटीत खिडकी नाही म्हणून चालत्या गाडीत पाठ करून उभे राहायचे. एकदा तर स्वतःच्याच सत्काराला रुसून बसले. मनवायला कोण, तर परवेझभाईंच्या आई, मुबारकबी. त्यांनी बजावलं होतं, “मेरेकू टीव्हीत नको रे बाबा, खानदानात तोंड दाखवायचंय.” मग दाराच्या फटीतून त्यांचा फक्त हात यायचा, हिरव्या बांगड्यांचा, जेवणाचं ताट धरलेला. “दाजी, दोन घास खाऊन घ्या.” हे ओठ काढून म्हणायचे, “आमी जेवनार न्हाई!” संपला प्रवेश.

त्यात परवेझभाईंकडे सगळी लग्नाच्या कॅसेटची करामत. दुसरं काही त्यांना येतच नव्हतं. त्यामुळे दाजी रुसले की वरून गुलाबाच्या पाकळ्या पडायच्या. दाजी पाठ फिरवून बसलेत आणि त्यांच्याभोवती बदामाचा आकार फिरतोय, त्यातून दोन कबुतरं उडतायत. एका भागात म्हशीनं दाजींना ढकललं, तर ती म्हैससुद्धा नारळ उघडून त्यातून बाहेर आली, लग्नाच्या कॅसेटमध्ये नवरी येते तशी.

आणि हसणारे प्रेक्षक? ते कुठून आणायचे? परवेझभाईंकडे तालुक्यातल्या लग्नांचं शूटिंग पडलेलं. त्यातली पंगतीत हसणारी माणसं कापून मध्ये मध्ये टाकली. झालं! एका रविवारी आमच्या घरी सगळे टीव्हीसमोर बसलेले आणि हसणाऱ्या माणसांत माझे सख्खे मामा दिसले, इकडे तिकडे बघून खिशात जिलब्या कोंबताना. मामा आमच्या घरातच बसले होते, माझ्या शेजारी. उठले, चप्पल घातली आणि गेले. दसऱ्याला सोनं द्यायलासुद्धा आले नाहीत. सांगा आता, रुसकं कोण?

सहा-सात भाग झाले असतील. लोकांना वेड लागलं होतं. मग तुळशीचं लग्न लागलं, लग्नाची पहिली तिथी आली, आणि परवेझभाई कॅमेरा उचलून निघाले. दाजी लिंबाखाली रुसून बसलेत, अर्धाच प्रवेश झालाय, आणि हा माणूस म्हणतो, “भाऊ, श्रीरामपूरला हळद हाय, मी आलोच.” आले ते थेट पुढच्या आखाडात, आणि तेव्हा केबलवाल्यानं ती वेळ कुण्या बाबाच्या प्रवचनाला दिली होती. मालिका मेली ती मेलीच.

मालिका मेली, पण दाजी काही मरेनात; पुढं मोबाईल आले आणि कुणीतरी मालिकेतलं ते चित्र त्यावर सोडलं. माझा राग तिथं आहे. हे जिथं जातील तिथं लोक हसायला लागले. ग्रामसभेत गटाराची तक्रार करायला उभे राहिले, तर सरपंचासकट सगळी सभा खो खो हसली आणि गटार राहिलं तसंच. पोटात कळ येऊन दवाखान्यात नेलं, तर तिथला कंपाउंडर म्हणतो, “दाजी, आधी तो डायलॉग!” हे कळवळतायत आणि तो मेला मोबाईल काढतोय. मी त्याला असं फैलावर घेतलं की त्यानं सुई उलटी धरली. हे मात्र मलाच म्हणतात, “जाऊ दे गं, हसले तर हसले. कुनाचं वाईट तर न्हाई केलं.” अहो, पण तुमचं?

कल्याणीला राजूरचं स्थळ आलं तेव्हा मी देवाला नारळ फोडला. मुलगा अमृत, कृषी विद्यापीठात नोकरीला, स्वभावानं शांत. आणि मुख्य म्हणजे माणसं राजूरची! तिकडे डोंगरात राहुरीची केबल कधी पोचली नव्हती. मोबाईल पोचलाय, पण चित्रातला माणूस तरणा, निम्मं तोंड टोपीत. मी यांना मिशा झुपकेदार वाढवायला लावल्या, चष्मा लावला, आणि बजावलं, “काही झालं तरी खालचा ओठ आत ठेवायचा.” साखरपुड्याला बिचारे पूर्ण वेळ ओठ दाताखाली धरून बसले होते. विहीणबाई मला हळूच विचारतात, “व्याह्यांना तोंड आलंय का?”

त्या साखरपुड्यात मला अमृतचे दाजी भेटले, बन्सी दाजी. त्यांच्या घरातले एकुलते एक जावई. अंगापिंडानं दांडगे, दोन भुवयांच्या मध्ये कायमची आठी. चहा थोडा कोमट आला तर कप असा खाली ठेवला, की सगळ्या खोलीला ऐकू गेलं. मी मनात म्हटलं, बाई गं! आम्ही खोटा दाजी लपवत बसलोय आणि इथं खरा निघाला!

लग्न राहुरीच्या मंगल कार्यालयात. सकाळपासून सगळं छान चाललं होतं. हे पांढऱ्या सदऱ्यात, डोक्याला गुलाबी फेटा, प्रत्येकाला हात जोडतायत, आणि कुणी हसत नाही. परवेझभाई शूटिंगला होतेच. ते आता बरेच थकलेत, पण आमच्या घरचं कार्य म्हणून स्वतः आले होते. त्यांनाही मी दम भरला होता, “जुनं काही काढलंत तर कॅमेरा विहिरीत टाकीन.”

आणि ऐन वेळी घोडं अडलं ते फेट्यांवर.

मानाचे फेटे मोजून आणलेले. त्यात एक पुढारी न बोलावता आले, त्यांच्यामागं त्यांची माणसं आली. मांडवात पुढारी आला आणि त्याला फेटा बांधला नाही, असं आपल्याकडे कधी झालंय का? बांधले. माईकवाल्यानं मग “नवरदेवाचे दाजी, सन्माननीय बन्सीराव” असं पुकारलं तेव्हा फेटे संपलेले. कुणीतरी शहाण्यानं त्यांच्या हातात टॉवेल आणि टोपी दिली. टोपी! जावयाला! पुढाऱ्याच्या ड्रायव्हरला फेटा आणि घरच्या जावयाला टोपी!

बन्सी दाजींनी ती टोपी हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली, खुर्चीवर ठेवली आणि तरातरा जाऊन आपल्या जीपमध्ये बसले. काच वर. त्यांच्यामागं त्यांची बायको, म्हणजे अमृतची बहीण, डोळ्याला पदर लावून. विहीणबाई स्टेजवरूनच ओरडल्या, “जावई रुसून गेला तर मी कंच्या तोंडानं अक्षता टाकू? आधी त्यास्नी आना, मग अंतरपाट धरा.” भटजी घड्याळाकडे बघतायत, अमृत मुंडावळ्या सावरत खाली मान घालून उभा, आणि आतल्या खोलीत माझी कल्याणी हिरव्या चुड्याचे हात मांडीवर ठेवून बसलेली.

एक मामा गेले, परत आले. एक काका गेले, तेही आले. शेवटी हे उठले.

“अहो, तुम्ही नका,” मी दंड धरला. “दुसऱ्या कुणाला तरी पाठवू.”

“बाप मी हाय,” हे म्हणाले. “माफी मागायची तर मीच मागाया पायजे.”

खरंच होतं. सोडला हात.

यांनी काय करावं? जाता जाता आपल्या डोक्यावरचा फेटा काढला, दाजींना द्यायला. बांधलेला फेटा टोपीसारखा उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवता येतो, असं या माणसाला वाटलं. तो सुटला. पुढं हे चाललेत आणि मागं दरवाजापासून जीपपर्यंत गुलाबी फेटा लोळतोय, त्यावर पोरं नाचतायत. तसंच उरलेलं बोचकं हातात धरून हे काचेशी वाकले. “दाजी, आमचं चुकलं. तुमी खाली उतरा. पाया पडतो तुमच्या.”

काच खाली आली. आणि तेवढ्यात आतून सनईवाल्यानं पाठवणीची चाल वाजवून पाहिली, नुसतीच, हात मोकळा करायला म्हणून. यांच्या हनुवटीला कंप सुटला. मी लांबून बघतेय, मनात म्हणतेय, ओठ आत, ओठ आत! आणि ओठ बाहेर आला. पुरता.

“आरं!” गर्दीतून कुणीतरी ओरडलं. “हे तर रुसके दाजी!”

झालं! सगळा मांडव फुटल्यासारखा हसला. “रुसके दाजी रुसक्या दाजींना मनवत्यात!” एक म्हणाला. “शेवटचा भाग हाय हा, शेवटचा!” दुसरा. धडाधड मोबाईल वर झाले. त्यात परवेझभाई! दाजी रुसल्याचं शूटिंग ते प्रत्येक लग्नात घेतात, सवयीनं ते कॅमेरा घेऊन थेट जीपच्या दारात येऊन उभे.

बन्सी दाजींनी यांच्याकडे पाहिलं. मग आपला मोबाईल काढून पाहिला. पुन्हा यांच्याकडे. पाहता पाहता मानेपर्यंत लाल झाले.

“आसं व्हय! तुमी व्हय ते!” त्यांनी मोबाईल यांच्यासमोर नाचवला. “दिवाळीला मेव्हण्यानं मला ह्येच चित्र धाडलं. माझ्या वाढदिवसाला धाडलं. माझ्या बायकूनं धाडलं! आन आता माझी नक्कल कराया खुद्द मानूसच आनला? कॅमेऱ्यासकट? डायवर, काढ गाडी! आमाला न्हाई ऱ्हायाचं हितं.”

ड्रायव्हर पहिल्या पंगतीला बसला होता, म्हणून वाचलो.

मी पुढं धावले, पण माझ्या आधी यांनी काय केलं असेल? जीपचं मागचं दार उघडलं आणि आत जाऊन बसले. फेटा अर्धा आत, अर्धा बाहेर.

“मग मलाबी न्या राजूरला,” हे म्हणाले. असा आवाज मी यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. “दाजी, तुमी रुसले तर विहीनबाई रडत्यात, भटजी थांबतो, लगीन थांबतं. मी रुसलो तर लोक हसत्यात. पोटात दुखलं तरी हसत्यात. माझी आई गेली, तिच्या तिरडीमागं चालत हुतो, तव्हाबी दोघं-तिघं तोंड दाबून हसले. आज माझी पोरगी चालली. सकाळपासनं रडू येतंय, आन मी दाबून धरलंय. का? तर मी रडाया लागलो का माझं तोंड हे आसं हुतं. एवढं एकच तोंड हाय मला. दुसरं कुठनं आनू?”

आणि रडायला लागले.

बाहेर लोकांनी टाळ्या वाजवल्या! शप्पथ सांगते, टाळ्या. एकानं शिट्टीसुद्धा मारली. कुणाला खरं वाटेना. इतकी वर्षं या माणसाबरोबर संसार केला, आणि तालुका ज्या तोंडाला हसला ते यांचं रडकं तोंड होतं, हे मला त्या जीपच्या काचेतून कळलं.

बन्सी दाजी सीटवर उलटे वळून बसले होते, यांच्या तोंडापासून हातभर अंतरावर. मिशांवरून पाणी गळताना त्यांना दिसत होतं. त्यांची आठी हळूहळू गेली.

“मामा,” ते म्हणाले, “आवं, तुमी खरंच रडताय व्हय?”

यांनी मान हलवली.

मग बन्सी दाजी जे खाली उतरले! “हासता काय, आँ? मानूस रडतोय हितं! खाली करा ते मोबाईल! ए शिट्टीवाल्या, तुझ्या घरी लेकी-बाळी न्हाईत का रं?” परवेझभाईंनी तर कॅमेऱ्यावर कधीच टोपण लावलं होतं आणि रुमालात नाक शिंकरत होते. सगळ्यांचे मोबाईल खाली आले.

बन्सी दाजींनी मागचं दार उघडलं. “मामा, चला. अक्षता टाकायच्यात.”

“न्हाई,” हे म्हणाले.

मी कपाळावर हात मारला. जन्मात पहिल्यांदा रुसायला या माणसाला हाच मुहूर्त सापडला! विहीणबाई आल्या, भटजी आले, खुद्द नवरदेव मुंडावळ्यांसकट आला आणि म्हणाला, “मामा, माझ्यासाठी.” हे ढिम्म. शेवटी बन्सी दाजींनी सगळ्यांना मागं सारलं. म्हणाले, “सरका. ह्यातलं मला कळतं.” त्यांनी तो लोळलेला फेटा गोळा केला, धूळ झटकली, जीपच्या दारात उभं राहून यांच्या डोक्याला पीळ देत देत निगुतीनं बांधला, तुरा काढला. मग हात पुढं केला. हे उतरले. स्वतः बन्सी दाजींनी टॉवेल खांद्यावर टाकला, ती टोपी डोक्यावर घातली आणि आमच्या ह्यांना धरून स्टेजवर नेलं. लग्न लागलं. मुहूर्त केव्हाच टळला होता, पण भटजी म्हणाले, आहे अजून थोडा.

दुपारी पाठवणी. कल्याणी माझ्या गळ्यात पडली, मग यांच्याकडे वळली. बन्सी दाजी गाडीच्या बाजूला पोलिसासारखे उभे, एकेकाच्या तोंडाकडे डोळे वटारून बघत. यांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि ओठ बाहेर आला. यांनी तो आत घ्यायचा प्रयत्नही केला नाही.

कल्याणीनं डोळे पुसत यांच्याकडे पाहिलं. “पप्पा,” ती म्हणाली, “रडताना तुम्ही किती वाईट दिसता हो.”

“व्हय,” हे म्हणाले, “दिसतो खरा.” आणि तोंड उघडून, मोठ्यानं, हुंदके देत रडले. गाडी पुलाच्या पलीकडे गेली तरी रडत होते. सगळा मांडव बघत उभा होता, आणि एक माणूस हसला नाही.